फियाटचं निळं फडकं

भोपाळच्या पिपलानीत क्वार्टर कुठल्याही टाइपचं असो, दारासमोर थोडी मोकळी जागा असायचीच. मेंदीचं कुंपण, लोखंडी फाटक, एखादं आंब्याचं किंवा कडुनिंबाचं झाड आणि बागेसाठी बाहेर काढलेला नळ. ६ नोव्हेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंनी हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना देशाला अर्पण केला. त्याच सुमारास पिपलानी, गोविंदपुरा, बरखेडा, हबीबगंज ही वसाहत आकाराला आली. देशभरातून माणसं आली, त्यांत विदर्भातली, इंदूर-ग्वाल्हेरकडची मराठी घरंही होती. वसाहत आखताना शाळा, इस्पितळ, बाजार यांचा विचार झाला. गाडी धुण्याचा कुणी केला नसणार, कारण तेव्हा पाळी सुटली की फाटकातून सायकलींचा लोंढाच बाहेर पडायचा. पण सावली, नळ आणि बागेकडे उतरतं अंगण एवढं मिळालं की गाडी धुवायला आणखी काही लागत नाही, आणि ते आम्हाला क्वार्टरबरोबरच मिळालं होतं.

बाबांनी फियाट घेतली ती जुनी, आकाशी रंगाची. गाडीचं नाव प्रीमिअर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, पण फियाटखेरीज दुसरं काही तिला कुणी म्हणत नसे. आमच्या रांगेत तेव्हा बहुतेकांकडे स्कूटर होती, त्यामुळे रविवारी ही गाडी धुतली जायची तेव्हा अर्धी गल्ली फाटकाशी जमायची.

बाबा उन्हं यायच्या आत सुरुवात करायचे. तापलेल्या पत्र्यावर पाणी पडलं की ते लगेच वाळतं आणि डाग सोडून जातं, हे त्यांनी आम्हाला पहिल्यांदा शिकवलं. आधी बॉनेट उघडून डिस्ट्रिब्युटरवर प्लॅस्टिकची पिशवी बांधायची. त्यात पाण्याचा थेंब गेला तर स्पार्क मिळत नाही आणि गाडी जागची हलत नाही. मग छप्पर, काचा, दारं आणि सगळ्यांत शेवटी चाकं. चाकांची बादली वेगळी, फडकंही वेगळं. आमच्याकडे हे लोखंडी बादल्यांनी चालायचं. त्या बादल्यांत असायची कपड्यांची पावडर. ती मळाबरोबर मेणही धुऊन काढते, हे तेव्हा आमच्या गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं.

खरा वेळ जायचा तो मडगार्डच्या आतल्या चिखलात. माळव्याची काळी माती ओली असताना चिकटते आणि वाळली की दगड होते. नागपूरला जाऊन आलं की बैतूलच्या बाजूचा डांबराचा शिडकावाही दारांच्या खालच्या अंगाला बसलेला असे. तो घासलेटात भिजवलेल्या कापसाने निघायचा, आणि लगेच ती जागा साबणाने धुवावी लागे. शेजारचे शर्माजी कुंपणावरून आठवण करून द्यायचे, “भाईसाहब, दरवाज़े के नीचे वाले छेद खोल लेना.” दाराच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती मातीने बुजली की पाणी आत साचतं आणि पत्रा आतून सडायला लागतो. आम्ही केरसुणीच्या काडीने ती मोकळी करायचो. गंजाचा पहिला फुगवटा दिसायचा तो असा धुतानाच. मग सँडपेपर, रेड ऑक्साइड, वर रंगाचा हात. त्या काळी गाडी धुणं म्हणजे तिची नाडी पाहणंच होतं.

मेण मात्र वर्षातून मोजक्याच वेळी लागायचं, त्यातली ठरलेली वेळ दसऱ्याच्या आधीची. डबा गांधी मार्केटमधून यायचा. बाबा जुन्या फलाटीनच्या फडक्याला आधी पॉलिश लावून बॉनेटवर छोटी वर्तुळं काढायचे, आणि बघता बघता फडकं निळं व्हायचं. आम्ही मुलं घाबरायचो, रंग चालला म्हणून. रंग खरोखरच निघत होता. त्या गाड्यांच्या रंगावर पारदर्शक थर नसायचा. ऊन थेट रंगाला खायचं, वरचा पापुद्रा खडूसारखा भुरकट व्हायचा आणि पॉलिश तो मेलेला पापुद्रा खरवडून खालचा ताजा रंग वर आणायचं. म्हणूनच बाबा ते वारंवार करू देत नसत. प्रत्येक खेपेला थोडी गाडी झिजते, असं ते म्हणायचे. त्यावर मेणाचा पातळ हात, धुरकट होईपर्यंत थांबणं आणि मग कोरड्या फडक्याने चोळणं. एका वेळी एकच भाग घ्यायचा: बॉनेट पुरं झाल्याखेरीज छपराला हात लावायचा नाही. दसऱ्याला त्याच बॉनेटवर झेंडूचा हार आणि आपट्याची पानं.

चांगल्या मेणात कार्नाउबा असतं, ब्राझीलच्या एका ताडाच्या पानांवरून झाडून काढलेलं. मधमाश्यांचं मेण ६२ ते ६५ अंशांना वितळतं, हे ८० च्या पुढे. भोपाळच्या मे महिन्यात उभ्या गाडीच्या टपाला हात लावून पाहिलेल्या माणसाला या फरकाची किंमत वेगळी सांगायला नको.

आता मी पिपलानीला लागूनच, अवधपुरीतल्या एका इमारतीत राहतो. आजच्या गाडीच्या रंगावर लॅकरचा पारदर्शक थर असतो, त्यामुळे फडकं रंगत नाही. मायक्रोफायबर मळ धरून ठेवतं, सहसा ओरखडे पाडत नाही. गाडीचा शाम्पू मेणाला धक्का लावत नाही. सिलिकाचं सिरॅमिक कोटिंग केलं तर मेणाची गरजही फारशी उरत नाही. गाडीच्या दृष्टीने हे सगळं चांगलंच झालं, आणि बाबांनी ते आनंदाने वापरलं असतं.

अवघड झालं आहे ते पाणी आणि जागा. पिपलानीच्या नळाला भोपाळच्या मोठ्या तलावाचं पाणी यायचं, ते रंगावर फारसे डाग सोडत नसे. आमच्या इमारतीत बोअरचं जड पाणी. ते वाळलं की कॅल्शियमचे पांढरे ठिपके राहतात आणि उन्हात भाजून पक्के होतात. साधा नळ मिनिटाला दहा-पंधरा लिटर पाणी सोडतो, म्हणून सोसायटीने पाइप लावायला बंदी केली. ती मला मान्य आहे. २००९ च्या उन्हाळ्यात मोठा तलाव आक्रसला तेव्हा लोक घमेली घेऊन गाळ उपसायला उतरले होते. ते पाहिलेल्या कुणाला धोधो पाणी सोडवणार नाही. पण दोन बादल्यांनी धुवायचं म्हटलं तरी धुवायचं कुठे? तळघरातल्या पार्किंगला ना उतार, ना नाली. पहाटे एक मुलगा येतो आणि एकाच ओल्या फडक्याने ओळीने सगळ्या गाड्या पुसतो. एका गाडीची वाळू दुसरीच्या रंगावर घासली जाते. त्याचा दोष नाही, त्याला एकच बादली भरू देतात. दाराखालची भोकं मात्र कुणीच पाहत नाही. गंज दिसतो तो वर्कशॉपमध्ये, आणि तोवर उशीर झालेला असतो.

कारखान्याने कामगाराच्या क्वार्टरपुढेही जी जागा सोडली, ती आजच्या महागड्या इमारतीला सुचत नाही, हे मला फार लागतं. गाडीगणिक चौकोन आखून विकले जातात, पण गाडीजवळ माणसाने वाकून काही करावं, मुलाच्या हाती फडकं द्यावं, शेजाऱ्याने थांबून चार शब्द बोलावेत, यासाठी हातभर जागा कुणी आखत नाही. म्हणून सोसायटीच्या बैठकीत मी एक मागणी लेखी दिली आहे. मागच्या भिंतीशी एका गाडीपुरता फरशीचा उतार करावा. त्याला नळ असावा, पण पाइप नको, बादली भरता आली की पुरे. साबणाचं पाणी गाळून ड्रेनेजला आणि शेवटचं स्वच्छ पाणी झाडांना जाईल अशी नाली काढावी. वर पत्र्याची शेड घालू नये, कडुनिंब लावावा. पावसाचं साठवलेलं पाणी तिथे आणता आलं तर ठिपक्यांचाही प्रश्न सुटेल. दोन कुटुंबांनी सही केली आहे. दसऱ्याच्या आत हे काम व्हावं म्हणून मी बाकीच्यांची दारं वाजवतो आहे.