उरलेल्या फितीवरचं गाणं

साठ मिनिटांची कॅसेट असायची आणि उल्हासनगरात कॅम्प दोनच्या बाजारात ती भरून देणारी दुकानं असायची. वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून द्यायची, आगाऊ पैसे द्यायचे, चार दिवसांनी न्यायला जायचं. १९८४ साल असेल. मी अंबरनाथला एका वर्कशॉपमध्ये लेथवर होतो आणि दिवाळीच्या बोनसमधून टेपरेकॉर्डर घेतला होता. यादी आईची होती: माणिक वर्मा, सुधीर फडके, भीमसेन जोशींचे अभंग.

बदलापूरला घरी आणून कॅसेट लावली. दुसऱ्या बाजूचा शेवटचा अभंग संपला, टाळ थांबले, फितीची खरखर तेवढी राहिली. टेप बंद करायला उठलो, तर त्या खरखरीतून एक गिटार घुमत वर आली. एकच स्वर धरून ठेवलेला, तंबोऱ्यासारखा. त्यावर पोरगेलासा आवाज, जरा नाकातला, जागरण झाल्यासारखा. शब्द कळत नव्हते. सूर फार लांब जातच नव्हता. थोडा वर चढायचा आणि पुन्हा होता तिथंच येऊन बसायचा. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, पदराला हात पुसत दारात उभी राहिली. म्हणाली, "कुणाची तरी वाट बघतोय रे हा."

आणि गाणं मध्येच तुटलं. फीत संपली होती.

पुढच्या आठवड्यात दुकानात जाऊन विचारलं. दुकानदार पन्नाशीचा सिंधी गृहस्थ. लहानपणी आईवडिलांबरोबर कराचीहून बोटीनं आलेला, बराकीत वाढलेला. "दोन मिनिटं उरली होती, साईं," तो म्हणाला. "फीत कोरी कशाला द्यायची?" लंडनला गेलेल्या चुलतभावानं आणलेल्या एका तबकडीवरचं ते गाणं होतं. तबकडी परत गेली होती आणि नाव त्याला आठवत नव्हतं.

ज्या बराकींत तो वाढला त्या दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी बांधलेल्या. त्या वेळी या जागेचं नाव कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना सरकारनं तिथं आणून ठेवलं आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. कॅम्प एक, कॅम्प दोन ही नावं लोकांच्या तोंडून अजून गेलेली नाहीत. पुढं ज्या इंग्रज पोरांनी ते गाणं केलं, त्यांच्या बापांच्या पिढीतले शिपाई ज्या भिंतींआड झोपले, त्याच भिंतींच्या गावात मला त्या पोरांचं गाणं मिळालं, तेही मागितलेलं नसताना. मला हे फार मोलाचं वाटतं.

नाव कळायला पंचवीस वर्षं गेली. मुलीच्या कॉम्प्युटरवर एक एक इंग्रजी गाणं ऐकत होतो आणि ती गिटार घुमली. 'सी माय फ्रेंड्स'. वाद्यवृंद किंक्स. गाणं लिहिणारा आणि म्हणणारा रे डेव्हिस. इंग्लंडात ते १९६५ च्या जुलैअखेर प्रसिद्ध झालं आणि दहाव्या क्रमांकापर्यंत चढलं. बीटल्सच्या गाण्यात सतार ऐकू आली ती त्याच वर्षीच्या डिसेंबरात. म्हणजे हे गाणं तिच्याही आधीचं.

आणि ते सुचलं होतं मुंबईत.

१९६५ च्या जानेवारीत किंक्स ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर निघाले होते. वाटेत मुंबईला मुक्काम पडला. पहाटे किनाऱ्यावर मच्छीमार कामाला निघाले होते, एका सुरात काहीतरी म्हणत. वीस वर्षांच्या रे डेव्हिसच्या कानावर ते पडलं आणि डोक्यातून गेलं नाही. लंडनला परतल्यावर बारा तारांच्या गिटारीतून त्यानं तो धरून ठेवलेला सूर उभा केला. हे त्यानं स्वतः अनेकदा सांगितलं आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर पहाटे कामाला निघणारे म्हणजे आपले कोळी.

हे वाचलं तेव्हा आई जाऊन तीन वर्षं झाली होती. तिचं लहानपण अर्नाळ्याला गेलेलं. आजोबा तिथं शाळेत शिक्षक होते आणि घर कोळीवाड्याला लागून. होड्या पाण्यात लोटताना, जाळी ओढताना पुरुषांची हाक आणि तिला बाकीच्यांची साद तिनं रोज पहाटे अंथरुणात ऐकलेली. एकानं सूर द्यायचा, सगळ्यांनी तो धरायचा आणि धरलेल्या सुरावर जोर लावायचा. परतायला होडी उशीर करायची तेव्हा वाळूत उभ्या बायका तिनं पाहिल्या होत्या. "वाट बघतोय" हे ती काही उगीच म्हणाली नव्हती. शब्द मलाही कळले नव्हते आणि तिलाही. सूर मात्र तिच्या ओळखीचा होता. तिला हे सांगता आलं नाही याची रुखरुख मला कायमची आहे.

त्या गाण्यात एक नदी आहे. मित्र तिच्या पलीकडे खेळताहेत आणि म्हणणारा अलीकडे एकटा आहे. इंग्रजी ऐकणाऱ्यांनी त्याचे नाना अर्थ लावले. मराठी माणसाला अर्थ लावावा लागत नाही. आपल्याकडे पैलतीर म्हटलं की पुरतं. ज्ञानदेवांचा शकुन सांगणारा कावळासुद्धा पलीकडेच बसलेला असतो. रे डेव्हिसनं नंतर सांगितलं की हे गाणं त्याच्या थोरल्या बहिणीच्या मृत्यूचं आहे. रेने तिचं नाव. सहा बहिणींच्या पाठीवर हे दोघे भाऊ, रे आणि डेव्ह. रेने लग्न होऊन कॅनडाला गेली होती, परत आली ती हृदयाचा आजार घेऊन. १९५७ च्या जूनमध्ये रेच्या तेराव्या वाढदिवसाला तिनं त्याला त्याची पहिली गिटार दिली आणि त्याच सुमारास एका रात्री ती नाचायला गेली, ती नाचता नाचताच गेली.

थोरल्या बहिणीनं दिलेली गिटार आणि कोळ्यांनी नकळत दिलेला सूर. एवढ्यावर ते गाणं उभं आहे.

साठच्या दशकातल्या इंग्रजी गाण्यांची गोडी अजून का ओसरली नाही, असं विचारणारे भेटतात. चाल सोपी, गाणं अडीच-तीन मिनिटांचं, तीन-चार गळे एकमेकांत मिसळलेले, ही सगळी उत्तरं खरी आहेत. पण मी आयुष्यभर कारखान्यांत काम केलं आणि मला त्या गाण्यांत हात दिसतात, काम करणारे हात. बीटल्सचा रिंगो स्टार लिव्हरपूलला शाळांची व्यायामसाधनं बनवणाऱ्या कारखान्यात शिकाऊ कामगार होता आणि तिथल्याच जोडीदारांबरोबर जेवणाच्या सुट्टीत वाजवायचा. बीटल्सच्या पहिल्या एलपीतली चौदापैकी दहा गाणी एका दिवसात ध्वनिमुद्रित झाली: ११ फेब्रुवारी १९६३, सकाळी दहापासून रात्री पावणेअकरापर्यंत. जॉन लेननचा घसा सर्दीनं बसला होता, म्हणून सर्वांत ओरडून म्हणायचं गाणं शेवटाला ठेवलं. दीड पाळीचं काम. ज्यानं ओव्हरटाइम केला आहे त्याला त्या शेवटच्या गाण्यातला फाटलेला आवाज ऐकताच कळतो. तो अभिनय नाही.

टोनी आयोमीची गोष्ट मला सहज सांगता येत नाही. बर्मिंगहॅमचा सतरा वर्षांचा मुलगा, पत्र्याच्या कारखान्यात कामाला. १९६५ साली, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा. तारा दाबायच्या त्या नेमक्या त्याच बोटांनी. कारखान्याच्या मॅनेजरनं घरी येऊन त्याला जँगो रेनहार्टची तबकडी ऐकवली. त्या गिटारवादकाची दोन बोटं आगीत निकामी झाली होती. आयोमीनं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यावर चामडं लावलं, गिटारला हलक्या तारा चढवल्या आणि पुढं ब्लॅक सॅबथ या वाद्यवृंदाचा तो जड, लोखंडी आवाज काढला. मी काम करत होतो त्या एका शॉपमध्ये, पॉवर प्रेसवर, माझ्या शेजारच्या मुलाची दोन बोटं गेली. गार्ड काढून ठेवलेला होता, उत्पादन वाढवायचं म्हणून. मुलगा भजनात पेटी वाजवायचा. महिन्याभरानं कामावर आला तेव्हा वॉचमन करून गेटवर बसवला. त्याच्याकडे तबकडी घेऊन कुणी गेलं नाही. मीही गेलो नाही, कारण आयोमी मला तेव्हा माहीत नव्हता.

आता बदलापूरच्या स्टेशनाविषयी.

रे डेव्हिसचंच दुसरं गाणं आहे, 'वॉटर्लू सनसेट', १९६७ च्या मे महिन्यातलं. एक माणूस खिडकीतून लंडनचं वॉटर्लू स्टेशन बघतो. संध्याकाळ आहे, खाली नदी आहे, माणसांचा लोंढा भुयारी रेल्वेतून बाहेर पडतोय आणि त्या गर्दीत एक जोडी भेटते, पूल ओलांडून जाते. एवढंच. लहानपणी आजारी असताना रेला थेम्सकाठच्या इस्पितळात ठेवलं होतं आणि नर्स त्याला गच्चीत आणून नदी दाखवायच्या. ते बघणं गाण्यात उतरलं आहे. मला वाटतं, स्टेशनावर इतकं मायेचं गाणं दुसरं नाही.

संध्याकाळच्या बदलापूर लोकलमधून मी पस्तीस वर्षं उतरलो, आधी अंबरनाथहून एकाच स्टेशनचा प्रवास, पुढं ठाण्याहून. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ असं माणसांचं ओझं हलकं करत गाडी येते. डब्यात भजनी मंडळ असतं. टाळ, ढोलकी, आणि ज्याच्या हातात काही नाही तो पत्र्यावर ठेका धरतो. चंदेरीचा सुळका काळा होत जातो. पुलावर चढणाऱ्या गर्दीत दररोज एक तरी मुलगी कठड्याशी थांबून कुणाला तरी शोधत असते. तो दिसतो तेव्हा तिचा चेहरा बदलतो. मग दोघं पूर्वेला उतरतात आणि वडापावच्या गाडीशी क्षणभर थांबतात. ही गर्दी म्हणजे जनावरांसारखी कोंबलेली माणसं, असं पेपरात लिहून येतं आणि ते खोटं नाही; चेंगराचेंगरी मी अंगावर सोसली आहे. पण त्या गर्दीकडे प्रेमानं बघता येतं, हे मला शिकवलं त्या परक्या गाण्यानं. मराठीत आमच्या लोकलवर कविता पुष्कळ झाल्या, बहुतेक कडवट. संध्याकाळच्या सात वाजताच्या उजेडाचं गाणं अजून कुणी केलेलं नाही.

देवघेव एका बाजूनंच झाली असंही नाही. १९६८ च्या जानेवारीत बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन मुंबईला येऊन फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत आपल्याकडच्या वादकांना घेऊन बसला. शिवकुमार शर्मांचं संतूर त्यात होतं. 'द इनर लाइट' या बीटल्सच्या गाण्याचं वादन तिथंच भरलं गेलं, आणि त्या वेळच्या बासरीवादकांत हरिप्रसाद चौरसियांबरोबर आपले एस. आर. केंकरे होते. गाणं मार्चमध्ये तबकडीच्या मागच्या बाजूला आलं. त्याही आधी केशव साठे हे मुंबईचे तबलजी लंडनला जाऊन तिथल्या जॅझवाल्यांबरोबर वाजवत होते. ही नावं आपल्या घरांत ठाऊक असायला हवीत, इतकंच म्हणतो.

केंकऱ्यांचं नाव निदान कागदावर आहे. १९६५ च्या त्या पहाटे ज्यांचा सूर गेला, त्यांतल्या एकाचंही नाव कुठं नाही. यात मी रे डेव्हिसला दोष देत नाही. सूर कुठून मिळाला हे त्यानं कधी लपवलं नाही. दुःख याचं आहे की तो सूर मुळात कसा होता हे आता आपल्यालाही सांगता येत नाही. होड्यांना इंजिनं बसली, जाळी यंत्रानं ओढली जाऊ लागली. दहा माणसांनी एका श्वासात जोर लावायचं काम संपलं, तशी हाकही संपत आली. कोळीगीतं म्हणून लग्नांत जे वाजतं ते निराळं, नाचायचं. कामाची हाक कुणी भरून ठेवल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

राजमाचीच्या डोंगरात निघालेली उल्हास नदी आमच्या बदलापूरवरून वाहते, कल्याणच्या पुढं खाडी होते आणि वसईपाशी समुद्राला मिळते. अर्नाळा तिथून जवळच. सकाळी नदीवर फिरायला जातो तेव्हा मी ते गाणं मोबाईलवर लावतो, आता पुरतं, न तुटता.

अर्नाळा, वसई, वर्सोवा, माहीम, कुठल्याही कोळीवाड्यातलं घर तुमचं असेल आणि घरात जुनी होडी लोटलेले आजोबा असतील, तर येत्या रविवारी त्यांच्याजवळ बसा. ती हाक त्यांना एकदा द्यायला सांगा आणि भरून घ्या.