कपाशीच्या गावात स्पीकर ऐकताना

लाखाच्या वर किंमत असलेले हाय-फाय स्पीकर घ्यायचे तर विदर्भातल्या आमच्या घाटंजीहून नागपूर गाठावं लागतं, नाहीतर थेट पुणे-मुंबई. तिथल्या दालनात खाली गालिचा, भिंतींना जाड पडदे, एसीचा आवाज जेमतेम. आपल्या घरी सिमेंटचा गिलावा, टाइल्सची फरशी, वर स्लॅब. दालनात आवडलेला आवाज निम्मा दालनाचाच असतो, आणि दालन काही खोक्यात घालून देत नाहीत. बैल औताला जुंपून पाहिल्याशिवाय इथला शेतकरी पैसे मोजत नाही. स्पीकरही आधी घरी वाजवून बघावा.

*

आवाजाचा तोल म्हणजे बेस, मधला पट्टा आणि ट्रेबल यांतल्या कुणीच पुढे पुढे करायचं नाही. सांगायला सोपं, पण ताडून कशाशी पाहायचं? रेकॉर्डिंग कुणीतरी कुठल्यातरी स्टुडिओत, तिथले स्पीकर ऐकत जुळवलेलं असतं. ते स्पीकर ट्रेबलला उणे असले तर जुळवणारा ट्रेबल चढवून ठेवतो, आणि तेच गाणं आपल्या निर्दोष स्पीकरवर बोचतं. मग आपण शिव्या स्पीकरला घालतो. फ्लॉइड टूल या कॅनडातल्या ध्वनितज्ज्ञाने या प्रकाराला गोंधळाचं वर्तुळ म्हटलं आहे.

*

वर्तुळातून बाहेर पडायची एक वाट बीबीसीच्या अभियंत्यांनी वापरली. निवेदक स्टुडिओत प्रत्यक्ष बोलतोय तो आवाज आणि स्पीकरमधून येणारा त्याचाच आवाज, दोन्ही लागोपाठ ऐकायचे. १९७०च्या दशकातला त्यांचा एलएस ३/५ए हा छोटा स्पीकर माणसाच्या आवाजासाठी आजही नावाजला जातो. माणसाचं बोलणं आपण जन्मापासून ऐकत आलोय, त्यात कान सहसा फसत नाही.

हा प्रयोग घाटंजीत लंडनपेक्षा सोपा आहे. घरातल्या कुणाला शेतात उभं करून बऱ्यापैकी माइकवर बोलणं टिपायचं. तिथे आवाज परतवायला भिंतीच नाहीत. मग घरी त्यालाच स्पीकरशेजारी उभं करून आळीपाळीने दोन्ही ऐकायचं. पुरुषाचा आवाज छातीतून घुमत आला तर १००-२०० हर्ट्झच्या आसपास फुगवटा. ‘स’ आणि ‘श’ कानाला लागले तर ५-८ हजार हर्ट्झचा भाग चढलेला. बोलणारा तोच, पण सर्दी झाल्यासारखा वाटला तर गडबड मधल्या पट्ट्यात.

*

तंबोऱ्यावर बेस तपासणारे पुष्कळ. काळी एकचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झ, म्हणजे खर्जाची तार ६९ वर. आकडा भारदस्त आहे, पण जवारीमुळे त्या तारेची ताकद वरच्या स्वरांशांत पसरलेली असते. ते स्वरांश ऐकू आले की मूळ ६९ चा सूर मेंदू स्वतःच भरून काढतो, स्पीकरने दिला नाही तरी. म्हणून चिमुकल्या स्पीकरवरही तंबोरा खर्जात वाजल्याचा भास होतो. तंबोऱ्यावर तपासावा तो वरचा भाग: जवारी झिरपत राहते की धातूसारखी खणखणते. बेससाठी डग्गा बरा. घुमारा थापेबरोबर सुटला पाहिजे, मागे रेंगाळता कामा नये.

*

त्याहून चोख साधन विदर्भात गावोगाव आहे. तुकडोजी महाराजांची खंजिरी! एकाच वाद्यात कातड्याची थाप आणि झांजांची किणकिण. गुरुदेव सेवा मंडळाचं भजन माइकशिवाय, दहा पावलांवरून एकदा नीट ऐकावं. तिथे थाप आधी जाणवते, किणकिण तिच्या अंगाने येते. स्पीकरवर झांजा सुट्या होऊन पुढे आल्या की ट्रेबल चढलेलं. दालनात अशा स्पीकरला ‘डिटेल’ म्हणून भाव मिळतो. घरी तासाभराने कान थकतो.

*

दहा बाय बाराची खोली. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर या लांबीत ४७ हर्ट्झचा सूर फुगतो, १० फुटांच्या रुंदीत ५६ चा. छतही १० फुटांवर असेल तर ५६ चा दुप्पट त्रास. स्पीकर कोपऱ्यात सरकवला की आणखी भर. बेस फार आहे म्हणून स्पीकर परत करण्याआधी तो दोन-तीन फूट पुढे ओढावा. आपली खुर्चीही मागच्या भिंतीपासून सोडवावी. यात पैसा लागत नाही, म्हणूनच बहुधा कुणी सुचवत नाही.

*

खोली घुमते म्हणून भिंतीला गाद्या लावायचा सल्ला हमखास मिळतो. कापसाच्या गावात गाद्यांना काय तोटा! पण हिशोब करून पाहा. मऊ पदार्थ लहरीच्या पाव लांबीइतका जाड असला तर नीट शोषतो. १००० हर्ट्झला ती जाडी साडेआठ सेंटिमीटर, म्हणजे गादी पुरते. १०० हर्ट्झला मात्र ८५ सेंटिमीटर लागतात. परिणामी गाद्या ट्रेबल खाऊन टाकतात, बेसचं घुमणं जागच्या जागी, आणि तोल होता त्यापेक्षा बिघडतो.

खरा शोषक दिवाळीनंतर दिसतो. भाव वाढेल या आशेने कापूस घरातच भरून ठेवतात, खोली छतापर्यंत पांढरी. तिथे टाळी वाजवली तर वाजल्यासारखी वाटत नाही, बेसही पुष्कळ उतरतो. अंगाला खाज सुटते तेवढं सोसायचं. कापूस विकला की तीच खोली पुन्हा बोंबलायला लागते. स्पीकरचं परीक्षण लिहिणाऱ्याने खोलीचं माप देतात तसा महिनाही द्यावा.

*

महिन्याचं आणखी एक. मे महिन्यात कुलर चालू असतो. पंख्याची घरघर आणि ताट्यांवरून ठिबकणारं पाणी यात गाण्यातलं बारीक काम बुडतं, म्हणून आपण आवाज वाढवतो. तिथे तोल बदलतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं की हळू आवाजात कानाला बेस कमी ऐकू येतो. १००० हर्ट्झचा सूर ४० डेसिबलला जेवढा वाटतो, तेवढाच १०० हर्ट्झचा वाटायला सुमारे ६४ डेसिबल लागतात. आवाज चढवला की हे अंतर घटतं. त्यामुळे एकच स्पीकर डिसेंबरच्या रात्री किरकोळ वाटतो आणि मेच्या दुपारी भरदार. लाईन गेली की कुलर थांबतो, पण मग अॅम्प्लिफायरही.

*

गोंधळाच्या वर्तुळाचे टूल आणि त्यांचे सहकारी शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये एक प्रयोग मांडला. स्पीकर डोळ्यांसमोर असताना ऐकणाऱ्यांनी दिलेले गुण आणि पडद्याआडून ऐकून दिलेले गुण जुळले नाहीत. आकार, रूप आणि नाव कानाआधी बोलतात. आपल्यालाही हे जमण्यासारखं आहे. दोन जोड्यांपुढे पातळ सुती कापड टांगायचं, तारा दुसऱ्याने बदलायच्या. दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्यायचा, कारण डेसिबलभर मोठा वाजणारा सहसा सरस वाटतो. पसंती कागदावर उतरल्याशिवाय कापड काढायचं नाही, आणि किंमत त्यानंतरच विचारायची.