कल्याणनंतरचे दोन घाट

मुंबईहून निघालेली गाडी कल्याणला आली की रूळ दोन दिशांना फुटतात. एक वाट कसाऱ्याकडे जाते आणि थळ घाट चढून इगतपुरीला पोहोचते. दुसरी कर्जतला जाते आणि बोर घाट चढून खंडाळा, लोणावळा गाठते. बोर घाटातून आगगाडी १८६३ साली धावू लागली, थळ घाटातून त्यानंतर दोन वर्षांनी. दोन्हीकडचा चढ इतका खडा, की अनेक गाड्यांना पायथ्याशी मागून जादा इंजिने जोडतात. तेवढ्या वेळात प्रवासी फलाटावर उतरून वडापाव उरकून घेतात. मग गाडी धापा टाकत बोगद्यांतून वर निघते.

योगायोग असा, की या दोन्ही घाटांच्या माथ्यावर श्वासाच्या दोन शाळा आहेत. लोणावळ्याला कैवल्यधाम आणि इगतपुरीला धम्मगिरी. एकीकडे श्वासाला वळण लावायला शिकवतात, दुसरीकडे त्याला हातही लावू नका म्हणून बजावतात. एकीकडे ओंकाराचा घोष, दुसरीकडे मंत्राला मज्जाव. योगाचे तत्त्वज्ञान पुस्तकात वाचून डोके जड झालेल्या माणसाने या दोन गावांना सवडीने जाऊन यावे. ‘प्राणायाम म्हणा, ध्यान म्हणा, सगळे एकच’ असे जे सर्रास ऐकू येते, ते तितकेसे खरे नाही हे तिथे कळते.

कैवल्यधामची स्थापना १९२४ सालची. संस्थापक स्वामी कुवलयानंद, म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३ साली गुजरातेत डभोईला. शिक्षण झाल्यावर ते खानदेशात अमळनेरला शिक्षणकार्यात होते. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली शरीर कमावलेले आणि नर्मदाकाठच्या मालसरला परमहंस माधवदासजींकडे योग शिकलेले, असा हा माणूस. गुरूने सांगितले ते प्रमाण, एवढ्यावर त्यांचे समाधान होईना. पोट खपाटीला नेऊन स्नायूंचे मंथन करायची नौली ही क्रिया करताना आत नेमके काय घडते? बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी क्ष-किरणाच्या यंत्रासमोर ही क्रिया करवून घेतली आणि आतड्यातला दाबही मोजला. नौली चालू असताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, असे दिसले. म्हणूनच तर बस्तिक्रियेत पाणी आत ओढले जाते. या निर्वाततेला त्यांनी आपल्या गुरूचे नाव दिले. १९२४ सालीच ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू झाले आणि असे प्रयोग त्यात छापून येऊ लागले.

त्यांचे मोठेपण दिसते ते मात्र प्राणवायूच्या बाबतीत. दीर्घ श्वसनाने शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो, म्हणून प्राणायाम करावा, असे तेव्हा सांगत आणि आजही बागेतल्या सकाळच्या वर्गात सांगतात. कुवलयानंदांनी श्वासातले वायू मोजले आणि निष्कर्ष छापला, की प्राणायामाची खरी किंमत जास्त प्राणवायू मिळण्यात नाही. शरीरशास्त्राच्या दृष्टीने हे सरळ आहे. निरोगी माणूस स्वस्थ बसला असताना फुप्फुसांतून निघणारे रक्त प्राणवायूने जवळजवळ भरलेलेच असते, भरल्या घागरीत आणखी किती ओतणार? पण ज्या माणसाने योगासाठी घरदार केले नाही, त्याने योगाच्या बाजूचा सर्वांत लोकप्रिय मुद्दा स्वतःच्या हाताने खोडावा, याला धैर्य लागते. चळवळ उभी करायची तर खोटा पण सोपा मुद्दा फार उपयोगी असतो. प्राणायामाचे महत्त्व त्यांनी फुप्फुसांपेक्षा मज्जासंस्थेत आणि मनात शोधले.

हीच रीत त्यांच्या पश्चातही चालू राहिली. १९६६ साली स्वामीजी गेले. त्या काळात जमिनीखाली पुरून घेऊन ‘समाधी’ लावण्याचे जाहीर प्रयोग ठिकठिकाणी होत आणि गर्दी खेचत. लोणावळ्याच्या संशोधकांनी हवाबंद खड्डा केला, त्यात माणसे बसवली, आतली हवा तपासली आणि १९६८ साली निबंध प्रसिद्ध केला. ‘समाधी’ या शब्दाभोवतीचे गूढ वलय त्यामुळे थोडे विरले. पतंजलींच्या समाधीला मात्र धक्का लागला नाही, कारण ती खड्ड्यात बसून लागणारी नव्हतीच.

शिकवण्याची रीतही अशीच सावध आहे. नवशिक्याच्या हाती एकदम कुंभक देत नाहीत. आधी आसन स्थिर, मग श्वास जितका वेळ घ्यायचा त्याच्या दुप्पट वेळ सोडायचा, इतकेच. श्वास कोंडून धरणे पुढचे, तेही शिक्षकासमोर. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी तर वैद्याला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊच नये. पंधराव्या शतकातल्या हठप्रदीपिकेत सिंह, हत्ती, वाघ यांना माणसाळवायला जसा वेळ लागतो तसाच प्राणालाही लागतो, नाही तर तो साधकावरच उलटतो, असा इशारा आहे. या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती कैवल्यधामनेच १९७० साली काढली. त्याच ग्रंथात असेही आहे, की प्रयत्नाने श्वास रोखणे ही पायरी झाली. केवलकुंभक म्हणजे श्वास आपोआप, न रोखता थांबणे, ही तिच्या पुढची अवस्था.

मग मंत्र कशाला? पतंजलींनी ओंकाराला ईश्वराचे नाव म्हटले आणि त्याचा जप करताना अर्थही मनात घोळवायला सांगितला. नुसती पोपटपंची त्यांना चालत नाही. पण अर्थ बाजूला ठेवला तरी जपाची एक सरळ करामत आहे. ओंकार म्हणायला लागते ती बाहेर पडणारी हवा. ‘म’कार लांबवला की उच्छ्वास न सांगता लांबतो. घड्याळ नको, मात्रा मोजणे नको. २००१ साली इटलीतल्या लुसियानो बर्नार्डी यांच्या चमूने २३ निरोगी माणसांना एकदा ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि एकदा ‘ओम मणि पद्मे हुम्’ म्हणायला लावले. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, पण दोन्ही वेळा श्वसनाची गती मिनिटाला सुमारे सहावर आली. आपल्या रक्तदाबात साधारण दर दहा सेकंदांनी एक लाट येत असते. मिनिटाला सहा श्वास म्हणजे नेमकी तीच लय. दोन्ही लाटा जुळल्या की हृदयाचे ठोके आणि रक्तदाब यांचा ताळमेळ सुधारतो, असे त्यांना आढळले. आजीची माळ ओढण्याची लय वैद्यकीय नियतकालिकात जाऊन बसली, ती अशी.

आता दुसरा घाट. इगतपुरीच्या धम्मगिरीत १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे भरतात. ही पद्धत इथे आणणारे सत्यनारायण गोएंका ब्रह्मदेशात मंडाले इथे जन्मले, तेही १९२४ सालीच. व्यापारी कुटुंबातल्या या तरुणाला अर्धशिशीने हैराण केले होते. औषधे करून दमल्यावर ते १९५५ साली सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. डोकेदुखी घालवायला येणार असाल तर येऊ नका, असे गुरूंनी सुनावले. मन शुद्ध करायला या, दुखणे गेले तर गेले. १९६९ साली गोएंका भारतात आले आणि २०१३ साली मुंबईत निवर्तले.

इथे पहाटे चारला घंटा होते. दहा दिवस मौन, पुस्तक नाही, वही नाही, फोन जमा. नव्या साधकांना संध्याकाळी फळ आणि चहा, बस्स. शुल्क नाही, ज्याचे शिबिर पूर्ण झाले त्याने ऐपतीप्रमाणे दान द्यावे. पहिले तीन दिवस एकच काम, नाकाशी येणारा-जाणारा श्वास जसा आहे तसा बघायचा. लांब तर लांब, आखूड तर आखूड. त्याला सुधारायचे नाही. नावही जोडायचे नाही, देवाचे सुद्धा नाही. नामस्मरणात वाढलेल्या मराठी माणसाला हीच अट सर्वांत जड जाते. मंत्राने मन लवकर एकाग्र होते हे गोएंकाही मान्य करत, पण मग ते शब्दाच्या नादात रमते आणि शरीरात प्रत्यक्ष जे घडते आहे ते पाहायचे राहून जाते, असे त्यांचे म्हणणे.

भांडण पद्धतीपुरते नाही. लोणावळ्याच्या संस्थेच्या नावातले कैवल्य म्हणजे प्रकृतीपासून सुटलेल्या पुरुषाचे एकटेपण. योगसूत्रांचा शेवटचा पाद त्याच नावाचा आहे. इगतपुरीची वाट बुद्धाची, आणि बुद्ध तर असा कायम टिकणारा ‘मी’ मानतच नाही. एकाला आत कोणी तरी सापडायचे आहे, दुसऱ्याला आत कोणी नाही हे पाहायचे आहे. समन्वयाच्या हौसेने हा फरक पुसून टाकणे दोघांवरही अन्यायाचे होईल. मौज अशी, की लोणावळ्यापासून जवळच भाजे आणि कार्ले ही बौद्ध लेणी आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून आहेत. ज्या परंपरेच्या भिक्षूंसाठी ती खोदली, तिच्या ग्रंथांत श्वास पाहण्याची साधना तपशिलाने दिली आहे. म्हणजे ती विद्या ब्रह्मदेशातून परतली ती जुन्याच सह्याद्रीत.

दुखण्याच्या बाबतीतही दोन दारे दोन भाषा बोलतात. कैवल्यधाम रुग्णाला आत घेते. तिथे योगोपचाराचे रुग्णालय आहे आणि दम्यावर तिथे अनेक वर्षे काम झाले आहे. दमेकऱ्याला श्वास ही तत्त्वज्ञानाची गोष्ट नसते, रात्री दोन वाजता उशीला टेकून बसायची गोष्ट असते. त्याला आधी लांब उच्छ्वास शिकवावा, कैवल्य मागाहून. धम्मगिरी मात्र अर्जातच प्रकृतीची विचारपूस करते, आणि गंभीर मानसिक आजार असलेल्यांना शिबिर न करण्याचाच सल्ला देते. दहा दिवस स्वतःच्या मनाशी कोंडून घेणे सगळ्यांना झेपत नाही, हे खरेच आहे.

जायचे तर लोणावळा पावसाळ्यात टाळावे. जुलै-ऑगस्टमध्ये धुके आणि ओल इतकी, की कपडे वाळत नाहीत आणि दमेकऱ्यांचे हाल होतात. दिवाळीनंतर हवा कोरडी होते. थोड्या दिवसांत काही शिकून परतायचे असेल तर हाच घाट बरा, शिवाय मुंबईकरांसाठी मरीन ड्राइव्हला कैवल्यधामचे केंद्र १९३६ पासून आहे. इगतपुरीला मात्र आधी अर्ज करावा लागतो. मध्येच उठून घरी जाता येणार नाही हे कबूल करूनच नाव नोंदवतात. कार्यालयातून रजा पुरते दहा दिवसांची काढून भागत नाही, आदल्या संध्याकाळी पोहोचून अकराव्या दिवशी सकाळी सुटका होते.