कुठपर्यंत येतो?

टेबलावरच्या डीसी सप्लायला जुना लॅपटॉप जोडला आणि आकडा ०.०२ अँपियरवर टिकून राहिला, की मला जरा बरं वाटतं. बोर्डात धुगधुगी आहे. मग बटन दाबायचं आणि स्क्रीन सोडून त्या आकड्याकडे बघायचं. आकडा चढला, थबकला, पुन्हा वरखाली नाचायला लागला तर प्रोसेसर कामाला लागलाय आणि बहुधा रॅमही ओळखली गेली आहे. चढून एकाच जागी खिळला तर रॅम किंवा बायोसवर संशय घ्यायचा. दाबताक्षणी उसळी मारून खाली आपटला तर कुठेतरी शॉर्ट. आणि बटन दाबूनही हललाच नाही, तर मदरबोर्डला दोष देण्याआधी बटनाची पट्टी तपासायची. वर्षानुवर्षं अंगठ्याने दाबलेलं बटन सगळ्यात आधी थकतं, हे लोकांच्या लक्षात येत नाही.

गिऱ्हाईक येऊन एवढंच सांगतं, ‘चालू होत नाही.’ त्यावर मी विचारतो, कुठपर्यंत येतो? दिवा लागतो? पंखा फिरतो? कंपनीचं नाव दिसतं? स्क्रीन काळी असेल तर कॅप्स लॉक दाबून बघा, त्याचा दिवा लागतो-विझतो का? तो लागत असेल तर मशीन बहुधा आत व्यवस्थित जागं आहे. मोबाईलची टॉर्च स्क्रीनवर तिरकी धरायची. पुसट डेस्कटॉप दिसला तर गेलाय तो फक्त मागचा उजेड. अशा लॅपटॉपचे मालक दुसरीकडून ‘बोर्ड गेला’ हा निकाल ऐकूनच माझ्याकडे आलेले असतात.

रत्नागिरीत दुकान असल्यामुळे जून ते सप्टेंबर माझ्याकडे रॅमचा हंगाम असतो. खारी, दमट हवा. कपाटात ठेवलेला लॅपटॉप गणपतीत मुंबईकरांनी काढला की पंखा फिरतो, स्क्रीन काळीच. अशा वेळी ॲडॅप्टर काढायचा, बॅटरी काढायची, बटन अर्धा मिनिट दाबून धरायचं म्हणजे उरलासुरला करंट निघून जातो. मग रॅम काढून तिच्या सोनेरी दातांवरून साधा खोडरबर हलक्या हाताने फिरवायचा. पॉलिश पेपर नाही. सोन्याचा तो थर फार पातळ असतो. एक-एक रॅम, आलटून-पालटून दोन्ही खाचांत. शाळकरी पोराला जमेल असं हे काम आहे, आणि माझ्या पावसाळ्याचा बराचसा घरखर्च त्यावर निघतो.

शॉर्ट शोधणं हा मात्र माझ्या आवडीचा भाग. शॉर्ट झालेल्या लाईनवर व्होल्टभर दाब सोडायचा, बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोल शिंपडायचं आणि डोळे लावून बसायचं. सगळा बोर्ड ओला असताना एक जागा आधी कोरडी पडते. तिथे तिळाएवढा कपॅसिटर असतो, तोच तापतोय. तो काढला की पुष्कळदा लॅपटॉप उठतो. शेजारी त्याच लाईनवर त्याचे भाऊबंद असतात, ते भार सांभाळून घेतात.

एक निवृत्त मास्तर ऑफिसवापराचा जुना लॅपटॉप घेऊन आले होते. निळा पडदा यायचा, मशीन आपलं आपण बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचं, पुन्हा निळा पडदा. दुसऱ्या दुकानात विंडोज उडालंय, फॉरमॅट करावं लागेल, असं सांगितलेलं.

‘मास्तर, हल्ली तारीख चुकत होती का?’

‘रोज लावायचो हो. तारीख मागे गेली की बँकेची साईटपण उघडायची नाही. तुला कसं कळलं?’

आतला बटन सेल, सीआर २०३२, तीन व्होल्टचा हवा, तो दोनच्याही खाली उतरला होता. सेल संपला की अशा काही जुन्या मशीनमध्ये तारखेबरोबर बायोसमधल्या निवडीही विसरल्या जातात. हार्ड डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलायचं, ही त्यातलीच एक. विंडोज बसवलं होतं एएचसीआयवर, आणि बायोस परतला होता कारखान्यातून निघतानाच्या रेड पद्धतीवर. विंडोज शाबूत, डिस्क शाबूत, दोघांची भाषा तेवढी तुटलेली. सेल बदलला, निवड पूर्ववत केली. फॉरमॅट केलं असतं तर मशीन सुरू झालंच असतं, म्हणून तो सल्ला देणाऱ्याला आपण चुकलो हे कधी कळलंच नसतं. मास्तरांची नातवंडांच्या फोटोंची सगळी फोल्डरं मात्र गेली असती.

‘हीट मारणे’ या प्रकाराचंही तसंच. २००८ च्या जुलैत एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या काही चिपांच्या दोषापोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. त्या काळच्या लॅपटॉपांवर आमच्या धंद्यात हीट गनचा सुळसुळाट झाला. चिप तापवली की डिस्प्ले यायचा, गिऱ्हाईक खूश. शिसं नसलेलं सोल्डर २१७ अंशांच्या पुढे वितळतं, खरा तडा तर चिपच्या पोटात, सिलिकॉनखालच्या बारीक टेकूंना गेलेला. वरून तापवून तो कायमचा सांधत नाही. थोड्या दिवसांनी स्क्रीन पुन्हा काळी. मी हीट मारत नाही. डेटासाठी तर तिची गरजच नाही: अशा लॅपटॉपची हार्ड डिस्क चार स्क्रू काढले की हातात येते आणि दुसऱ्या मशीनला यूएसबीने जोडता येते. नव्या, चपट्या लॅपटॉपांत ही सोय दर वेळी मिळतेच असं नाही. स्टोरेज कधी बोर्डालाच चिकटलेलं, वर कुलूपबंद. बायोसला नुसता हात लावला तरी कधीकधी अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागतात.

मास्तरांनी बिल बघून विचारलं, ‘सेल चाळीस रुपयांचा, मग वरचे कशाचे?’ मी म्हटलं, बघण्याचे. त्यांनी दिले. सगळेच देत नाहीत. पार्ट बदलला की लोक हजार रुपये मुकाट्याने काढतात, निदानाचे दीडशे त्यांना जड जातात. म्हणून आता बघण्याचा दर पाटीवर लिहून काउंटरवरच लावलाय. त्यावर घासाघीस चालूच असते.