इर्ली बिडू, असू दे!

मागच्या जूनमधली गोष्ट. लेकीच्या पी.यू.सी. प्रवेशासाठी दहावीचं मूळ मार्क्स कार्ड हवं होतं. दोन दिवसांनी शेवटची तारीख आणि कार्ड काही सापडेना. कपाट झालं, शोकेस झाली, दिवाणाखालचे कप्पे झाले, शेवटी ह्यांना शिडी लावून माळ्यावर चढवलं. हाती काय लागलं? तीन बंद पडलेले मोबाईल, श्रीखंडाचे रिकामे डबे, हळदी-कुंकवात मिळालेली प्लॅस्टिकची वाणं, आणि कुठल्या कुलपांच्या ते कुणालाच ठाऊक नसलेल्या अकरा किल्ल्या.

माझा पारा चढला. सासूबाई, म्हणजे आमच्या अत्ती, अथणीकडच्या. माहेर पूर्ण कानडी. कुठलीही वस्तू टाकायला काढली की त्यांचं ठरलेलं वाक्य, "इर्ली बिडू, मुंद बेकागतैति." राहू दे, पुढं लागेल. त्या दिवशी मी ताडकन बोलून गेले, "अत्ती, तुमच्या या पसाऱ्यापायी पोरीचं वर्ष जाईल!"

त्या काही बोलल्या नाहीत. रात्री "हसिविल्ल" म्हणून जेवल्याही नाहीत. सकाळी उठून पाहते तर जुन्या साड्यांचं गाठोडं त्यांनी स्वतःच ओढत आणून व्हरांड्यात ठेवलेलं.

दुपारी मार्क्स कार्ड सापडलं. कुठं? माझ्याच टेबलावर, एका चर्चासत्रात मिळालेल्या फाईलमध्ये. झेरॉक्स काढायला म्हणून मीच नेलं होतं आणि परत आल्यावर ढिगावर ठेवलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी चहा घेऊन अत्तींजवळ बसले. "चुकलं माझं," म्हटलं. त्या हसल्या आणि बहात्तरच्या दुष्काळाचं सांगू लागल्या. १९७२ साली त्या चौदा-पंधरा वर्षांच्या. घरची मोठी माणसं खडी फोडायला जायची. साडी विरली की तिची कौदी व्हायची, कौदी फाटली की पायपुसणं. पत्र्याचा डबा गळायला लागला तरी त्यात तुळस लावायची. घरातून काही बाहेर जायचंच नाही, कारण नवीन काही आत यायचंच नाही.

मला तिथंच उमगलं. अत्तींची सवय चुकीची नव्हती, काळ बदलला होता. पूर्वी वर्षाला चार वस्तू घरात यायच्या, आता आठवड्याला चार येतात. पण आपला हात अजून बहात्तर सालातच आहे. आणि हे काही फक्त कानडी घरांचं नाही. तिकडं "इर्ली बिडू" असेल, तर माझ्या माहेरी "असू दे, कामाला येईल" होतंच की!

मग मी स्वतःच्या टेबलाकडे पाहिलं. बदललेल्या अभ्यासक्रमांच्या नोट्स, जुन्या प्रश्नपत्रिका, सत्काराच्या शाली, चर्चासत्रांच्या पिशव्या. आणि खाली, दोरीनं बांधलेले झेरॉक्सचे चार गठ्ठे. २००९ साली पीएच.डी.साठी जमवलेले. एम.ए. झाले, नोकरी लागली, लग्न झालं, लेक झाली, पीएच.डी. राहून गेली. ते गठ्ठे रोज मला विचारायचे, "कधी?" दारावरची बेल वाजली की छातीत धस्स व्हायचं, ते पाहुणा पसारा बघेल म्हणून, असं मी समजत होते. खरं तर प्रत्येक ढीग म्हणजे न घेतलेला एक निर्णय असतो, आणि तो आपल्याकडे बघत असतो.

आम्ही मग घरात एकच नियम केला. ज्यानं त्यानं आपापलाच ढीग उपसायचा, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही. पूर्ण घर एका रविवारी काढायचं नाही, रोज एकच कप्पा, अर्धा तास. सुरुवात कागदांपासून. मार्क्स कार्डं, जन्मदाखले, घराची कागदपत्रं, शेताचे उतारे, दवाखान्याचे रिपोर्ट यांची एक पेटी केली आणि तिची जागा सगळ्यांना दाखवून ठेवली. ज्याचा निर्णय होत नाही, ते खोक्यात घालून वर महिना लिहायचा. पुढच्या दसऱ्याच्या धुण्यापर्यंत खोकं उघडलं नाही, तर ते घराबाहेर.

गठ्ठे सोडायला मला तीन रात्री लागल्या. पुस्तकं कॉलेजच्या ग्रंथालयात दिली, झेरॉक्स रद्दीत घातली, टिपणांची एक वही तेवढी ठेवली. रद्दीवाला वजन करत होता तेव्हा डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू! पण त्या रात्री कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

अत्तींनी दोन इरकल ठेवून घेतल्या आणि बाकीच्या साड्या कौदी शिवणाऱ्या बाईंना दिल्या. त्यातली एक कौदी आता लेकीच्या पलंगावर आहे.

एक सांगायला हवं. काहींना रद्दीचा कागद टाकतानाही जीव घाबरा होतो, घरात चालायला वाट उरत नाही. तो हट्ट नव्हे, आजार असू शकतो. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ मध्ये त्याची स्वतंत्र विकार म्हणून नोंद केली आहे. अशा माणसावर ओरडू नये, त्यांच्या पाठीमागं सामान फेकून देऊ नये. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आमचं घर काही आरशासारखं झालेलं नाही. माळा अजून अर्धा भरलेलाच आहे. पण गेल्या महिन्यात लेकीची मैत्रीण आली. एरवी लेक तिला गेटवरच उभी करून बोलायची. या वेळी आत घेऊन आली, पलंगावर बसवलं आणि म्हणाली, "ही माझ्या अज्जीच्या साड्यांची कौदी."

काल अत्ती श्रीखंडाचा रिकामा डबा धूत होत्या. माझ्याकडे बघून जरा थबकल्या. मीच म्हटलं, "इर्ली बिडू अत्ती. पण एकच हं!"