डोनट आणि फुगे

परवा नातीच्या हट्टास्तव वसईच्या घरीं मीं डोनट करण्याचा घाट घातला. कृति सोपी: मैदा, अंडें, दूध, बेकिंग पावडर, तेलाच्या तापानें वायु सुटून कडें फुगतें, मग पिठीसाखर दुधांत कालवून त्याचा लेप द्यावयाचा. शेजारच्या ख्रिस्ती आजी पाहत होत्या. पोर्तुगीज १७३९ सालीं वसईहून गेले, पण त्यांच्या समाजाच्या लग्नांतले फुगे राहिले. आजींच्या घरीं तें पीठ ताडीनें आंबे. मुठींतून पिळून तें तेलांत सोडण्याचें काम हात कांपूं लागल्यापासून त्यांनीं टाकलें आहे. मुलें फुगे विकत आणतात. नातीनें पहिला डोनट त्यांनाच दिला. त्यांनीं तो निमूटपणें खाल्ला, बोटांची साखर पुसली आणि विचारलें, “सर, उद्यां ताडी मिळेल का? पोरीची मूठ बरी दिसते.”