खालचा सूर

निवृत्तीनंतर माणसाने काय करावे, याविषयी आमच्या धर्मग्रामात मतांचा तुटवडा नाही. कोणी म्हणतो वाडीत लक्ष घाला, कोणी म्हणतो आजाऱ्यांना भेटी द्या, कोणी नुसतेच 'आराम करा' म्हणून मोकळा होतो. आम्ही बेस गिटार शिकायला घेतली. गायनवृंदात बेस वाजवणारा तरुण परदेशी गेला. जाताना त्याने आपला बेस आणि ट्रंकेएवढा अँप्लिफायर आम्हाला अल्प किमतीत दिला. तेव्हापासून दर रविवारी आम्ही वेदीच्या उजव्या अंगाला, खांबाआड उभे राहून, जेमतेम चार-पाच स्वरांच्या बळावर गायनवृंदाची सेवा करीत आहोत. खांब मोठा आहे हे बरे.

एवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता. परंतु दहाव्या महिन्यात आम्हाला दुसऱ्या बेसची ओढ लागली. हा बेस विजेवर न चालणारा, पोकळ लाकडी पेटीचा, ज्याला अकूस्टिक बेस म्हणतात तो. घरात ही वार्ता फुटताच आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, एक अजून नीट वाजत नाही, आणि दुसरा कशाला?" प्रश्नात खोट काढण्यासारखे काहीच नव्हते.

कारणे मात्र आमच्यापाशी तयार होती. मे महिन्यात आळीतल्या क्रुसापाशी रोझरी होते. तेथे गिटारवाले येतात, व्हायोलिन येते, आमचा बेस तेवढा घरी राहतो, कारण त्याला वीज हवी. मयताच्या घरी रात्रीच्या प्रार्थनेला तारा पसरून अँप्लिफायर मांडणे आम्हाला प्रशस्त वाटत नाही. ही कारणे आम्ही सर्वांना सांगत होतो. खरे कारण आमचे मास्तर होते.

मास्तरांनी आमच्या दोन पिढ्यांना सोल्फा शिकवला. आम्हालाही लहानपणी त्यांनी व्हायोलिन हाती दिले होते. चौदाव्या वर्षी क्रिकेटच्या नादात आम्ही ते सोडले, आणि त्यांनी त्याविषयी आम्हाला एका शब्दाने कधी विचारले नाही. त्यांनी विचारले असते तर बरे झाले असते. पुढे वार्धक्याने त्यांचे कान गेले. अशा बहिरेपणात आधी वरचे सूर जातात आणि खालचे मागाहून. मुली गात असत तेव्हा त्यांना ओठ हलताना दिसत, आवाज पोहोचत नसे. पण आम्ही बेस धरला त्या पहिल्या रविवारी मिस्सा संपल्यावर ते काठी टेकीत खांबाआड आले आणि म्हणाले, "अरे, आज मला गाणे कुठे चालले आहे ते कळले." गेल्या नाताळापासून ते अंथरुणाला खिळले. अँप्लिफायर उचलून त्यांच्या माळ्यावर नेणे आमच्या कंबरेला झेपणारे नाही. पोकळ पेटीचा बेस असता तर खांद्याला अडकवून जाता आले असते, असे आमच्या मनाने घेतले.

एका शनिवारी आम्ही लोकल पकडून धोबीतलावला गेलो. दुकानातल्या मुलाने हवा तो बेस काढून दिला. लाकूड सुरेख, वास त्याहून सुरेख. बोटाने चौथी तार छेडली आणि रस्त्यावरच्या बसच्या घरघरीत आमचा स्वर विरून गेला. पुन्हा जोराने छेडली. तारेचा खडखडाट ऐकू आला, स्वर नाही.

यात त्या वाद्याचा दोष नाही, दोष असेल तर निसर्गनियमाचा आहे. बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते. हवेत तिची एक लाट आठ मीटरांहून लांब असते. एवढी लाट हलवायला पेटीही तशीच मोठी हवी. म्हणूनच वाद्यवृंदातला डबल बेस माणसाहून उंच असतो. लिओ फेंडर यांनी १९५१ साली विजेवरचा 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला, त्यामागे त्या धुडापासून सुटका हेही एक कारण होतेच. पट्ट्यांमुळे स्वर अचूक लागतो म्हणून नाव 'प्रिसिजन'. पुढे १९७२ च्या सुमारास अमेरिकेत अर्नी बॉल यांनी मेक्सिकोच्या गितार्रोन या लठ्ठ पोटाच्या वाद्यावरून पोकळ पेटीचा बेस काढला. त्याची पेटीही चांगलीच खोल होती. आज दुकानात मिळतात ते बेस त्या मानाने सडपातळ. मांडीवर घ्यायला सोयीचे, पण दोन गिटारी शेजारी वाजू लागल्या की मुके होतात. म्हणून त्यांतल्या बहुतेकांना वायर जोडायची सोय असते. म्हणजे क्रुसापाशी पुन्हा वीज आलीच.

नवशिक्यासाठी याहून वाईट गोष्ट वेगळीच आहे. स्वर ऐकू येत नाही म्हणून तो तार ओरबाडू लागतो. हात आवळतो, मनगट दुखते, आणि ती खोड पुढे जात नाही. न छेडलेल्या तारा मागे गुणगुणत राहतात, त्या अँप्लिफायरवर तत्काळ उघड्या पडतात. पोकळ बेसवर झाकल्या जातात. आमच्या चुका झाकणारे वाद्य आम्हाला हवे होते की काय, अशी शंका परतीच्या लोकलमध्ये आम्हाला चाटून गेली. शिवाय आमच्या वसईचा पावसाळा. दमट हवेने पेटीचे लाकूड फुगते, तारा पट्टीपासून वर उचलल्या जातात आणि बोटांना फोड येतात. भरीव लाकडाचा बेस त्या मानाने सोशिक.

आणखी एक विचार त्या दिवसांत मनात घोळत होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजाने पाइप ऑर्गनला मानाचे स्थान दिले आणि योग्य अशा इतर वाद्यांनाही दार उघडे ठेवले. त्या ऑर्गनमध्ये पायाने दाबायच्या पट्ट्या असतात. त्यांच्या सोळा फुटी नळ्या जो खालचा सूर देतात, तोच आमच्या चर्चमध्ये बेस देतो. प्रायश्चित्तकाळात तर, काही सण वगळता, वाद्यांनी केवळ गायनाला आधार द्यावा असा नियम आहे. बेस वर्षभर दुसरे काय करतो? मग आधार द्यायचे काम आम्हाला हातातल्या बेसवरच धड येत नसताना दुसरा आणून आम्ही नेमके काय वाढवणार होतो?

आम्ही दुसरा बेस घेतला नाही. त्यासाठी बाजूला काढलेल्या पैशांतून नव्या तारा घेतल्या, जाणकाराकडून मान सरळ करून घेतली (बेसची), आणि कानाला लावून सराव करायचा एक छोटा अँप्लिफायर आणला. सौभाग्यवतींना झोप लागू लागली. उरलेले पैसे त्यांनी कोठे ठेवले ते विचारण्याचे आम्ही टाळले.

मास्तरांचा प्रश्न मात्र तसाच होता. शेजारच्या धर्मग्रामातल्या एका मुलाने हौसेने घेतलेला पोकळ बेस त्याच्या पलंगाखाली धूळ खात होता. (नवशिक्यांच्या दुसऱ्या बेसची ही नेहमीची जागा, असे आम्हाला नंतर कळले.) तो आम्ही दर गुरुवारी संध्याकाळपुरता उसना आणतो. पहिल्या गुरुवारी आम्ही मास्तरांच्या खाटेशेजारी बसून एक ओळखीचे भजन वाजवले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटले नाही. दुकानात जे झाले तेच येथे. आवाज खाटेपर्यंतही पोहोचत नव्हता. आम्ही खजील होऊन वाद्य आवरू लागलो, तेव्हा त्यांनी हात पुढे केला आणि तळवा पेटीच्या छातीवर ठेवला. "आता वाजव," म्हणाले.

आम्ही वाजवले. त्यांनी डोळे मिटले. चार ओळींनंतर त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"तारा भांडताहेत."

आम्ही चौथी तार पाचव्या पट्टीवर दाबली आणि तिच्यासोबत तिसरी मोकळी छेडली. दोन्हींचा स्वर एक यायला हवा. किंचित फरक असला की आवाजात लाटा उठतात. आमच्या कानांना काही जाणवले नाही. "भांडताहेत," ते पुन्हा म्हणाले. आम्ही खुंटी थोडी फिरवली. "अजून." आणखी थोडी. त्यांच्या तळव्याखालची थरथर मंदावत गेली असावी, कारण त्यांची बोटे सैल पडली.

"हां," ते म्हणाले. "आता पहिल्यापासून घे. आणि बाबा, ओरबाडू नकोस."